कोऱ्या चकतीचं वजन

सू-चिंगला स्वतःच्या आईची जन्मतारीख आठवायला घटकाभर वेळ लागायचा, पण कोऱ्या चकतीचं वजन तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं धडधडा सांगितलं असतं. चार पूर्णांक अठ्ठ्याऐंशी मिलिग्रॅम. तायनानच्या त्या विद्यापीठात, बॅटरीच्या प्रयोगशाळेत ती एकवीस वर्षं काम करत होती, आणि एकवीस वर्षांत हा आकडा एकदाही बदलला नव्हता.

काम सांगायला सोपं, करायला किचकट. काळी पूड घ्यायची, चिकट द्रावणात घोटून तिचा लगदा करायचा, तो अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलवर पात्यानं अगदी पातळ पसरायचा आणि भट्टीत वाळवायचा. मग पंचानं बटणाएवढ्या गोल चकत्या पाडायच्या आणि एकेक चकती काट्यावर ठेवायची. काट्यावर जे येतं ते लेप आणि फॉइल, दोघांचं मिळून. वीज साठवतो तो लेप, फॉइल नुसती आडवी पडून असते. म्हणून फॉइलचं वजन वजा करायचं. त्यासाठी इतर प्रयोगशाळांत दर वेळी कोऱ्या फॉइलच्या चकत्या पाडून वजन घेतात. इथे मुलं सरळ सू-चिंगला विचारायची. ती पंचावरून मानही न उचलता म्हणायची, "चार अठ्ठ्याऐंशी. काटा चुकेल, मी नाही."

ही बढाई तिला शोभायची, कारण तिचे हात तसे होतेच. तिनं पसरलेला लेप कडेला जेवढा जाड तेवढाच मध्यावर. प्रयोगशाळेचे प्रमुख फांग सर वीस वर्षांपूर्वी तिथेच विद्यार्थी म्हणून आले होते. चिमटा कसा धरायचा हे त्यांना सू-चिंगनंच शिकवलं होतं, आणि पहिल्या महिन्यात तीस चकत्या वाकवल्या म्हणून चांगलं झापलंही होतं. आता ती चारचौघांत त्यांना सर म्हणायची. एकटे असले की अजून लाडाच्या नावानं आ-चेच म्हणायची, आणि तेही तिला ताईच म्हणायचे.

दोन वर्षं प्रयोगशाळा एकाच मालामागे होती. मीठ, साखर आणि लोखंड. मिठातला सोडियम, लोखंड आणि फॉस्फेट यांचे दाणे, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजार शेजारी शेजारी बसावेत, आणि प्रत्येक दाण्याभोवती जाळलेल्या साखरेच्या काजळीचं पातळ कवच. दाण्यातून वीज सहज वाहत नाही, काजळीतून वाहते, म्हणून ही जोडी. मिठागरं आणि उसाचे जुने कारखाने ज्या जिल्ह्यात पडून आहेत तिथे याहून घरचा माल कुठला सापडणार? महागाचे धातू नाहीत. आणि मुख्य म्हणजे, भरलेल्या सेलमध्ये आरपार खिळा घातला तरी तो पेट घेत नव्हता. खिळ्याच्या चाचणीला सू-चिंग दर वेळी काचेला नाक लावून उभी राहायची. सेल कोमट व्हायचा, बस्स. धूरसुद्धा नाही.

दुखणं एकच होतं. एका ग्रॅममध्ये वीज मावायची ती एकशे आठ मिलिअँपिअर-तासांच्या आसपास. स्कूटरच्या बॅटऱ्या करणाऱ्या कंपनीची अट होती एकशे वीसची. दोन वर्षं घोडं तिथेच अडलेलं. या ऑक्टोबरात साखर जाळायची रीत बदलली, भट्टी हळू तापवली, आणि नव्या खेपेचा आकडा आला एकशे सत्तावीस.

पदवीसाठी संशोधन करणारी यी-रोंग त्या दिवशी चाचणीच्या यंत्रासमोर उभी राहून रडली होती. यंत्र नीट वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी ठेवलेली असते. फांग सर एरवी त्या पुडीची टिंगल करायचे, त्या दिवशी त्यांनी पुडीपुढे हात जोडले. "या मालात एकशे एकोणतीसच्या वर मावतच नाही," ते म्हणाले. "आपण देवाच्या उंबऱ्यावर उभे आहोत, ताई."

सोमवारी कंपनीचे अभियंते च्येन साहेब येणार होते. आकडे पाहायचे, सह्या करायच्या, आणि पुढच्या वर्षी पहिल्या शंभर बॅटऱ्या रस्त्यावर उतरवायच्या. त्यातल्या दहा सू-चिंगनं आधीच मागून ठेवल्या होत्या. तिच्या भावजयीच्या दुकानासाठी.

भावजय म्हणजे धाकट्या भावाची, आ-खुनची बायको, युए-ओ. आ-खुनचं च्याली गावात स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर, आणि जिन्याखाली बॅटऱ्या चार्ज करायची लोखंडी मांडणी. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातच, दुपारी जेवून तो मांडणीशेजारच्या बाकावर आडवा झाला आणि मांडणीवरच्या एका बॅटरीनं पेट घेतला. ती बॅटरी कुणा दुरुस्तीवाल्याकडून तपासून आलेल्या बारा बॅटऱ्यांपैकी होती. युए-ओ आणि पोरगी बाजाराला गेल्या होत्या म्हणून वाचल्या. आ-खुन वाचला नाही.

उरलेल्या अकरा बॅटऱ्या अंगणात होत्या. तेराव्या-चौदाव्या दिवशी सू-चिंगनं त्यांच्या पट्ट्या पाहिल्या. प्रत्येक पट्टीवर "तपासले" असं लिहिलेलं, आणि पुढे आकडा, बावन्न पूर्णांक तीन व्होल्ट. अकराही पट्ट्यांवर तोच, त्याच हातचा, त्याच निळ्या शाईचा. आकड्यांत जन्म घालवलेल्या बाईला कळायला एक क्षण पुरला. अकरा बॅटऱ्या कधीच एक आकडा दाखवत नाहीत. कुणीतरी एकच मोजली होती आणि बाकीच्यांवर उतरवून काढलं होतं. तो दुरुस्तीवाला केव्हाच दुकान गुंडाळून गेला, तो हात कुणाचा ते कधी कळलं नाही. सू-चिंगनं एक पट्टी पाकिटात ठेवली, देवळातल्या ताइताच्या शेजारी. त्या हाताला तिनं इतके शाप दिले होते की शापांचीही सवय होऊन गेली होती.

शनिवारी सकाळी प्रयोगशाळेत ती एकटीच होती. च्येन साहेबांना दाखवायला नवे सेल जुळवायचे म्हणून तिनं पंच पुसला, आणि धार नीट बसते का पाहायला कोऱ्या फॉइलची एक चकती पाडली. चिमट्यात धरली तर चकती जराशी लवली.

जुन्या फॉइलची चकती लवायची नाही.

तिनं ती काट्यावर ठेवली. तीन पूर्णांक सत्त्याण्णव. तिला हसूच आलं. काटा बिघडला म्हणायचा, तोही नेमका आज. तिनं काट्याची काच पुसली, पेटीतलं प्रमाण वजन ठेवून पाहिलं. काटा चोख होता. आणखी पाच चकत्या पाडल्या. तीन सत्त्याण्णव, तीन शहाण्णव, तीन अठ्ठ्याण्णव. मग तिनं फळीवरून फॉइलचं खोकं खाली काढलं.

जाडी तेरा मायक्रॉन. जुन्या रोलची सोळा असायची. खोकं चांद्र वर्षाच्या सातव्या महिन्यात आलं होतं, मेलेले परत फिरतात म्हणतात त्या भुतांच्या महिन्यात. त्या महिन्यात या प्रयोगशाळेत नवं काही उघडत नाहीत, नवं यंत्र लावत नाहीत, आणि हा दंडक फांग सरांपेक्षा सू-चिंगच अधिक पाळायची. एरवी माल आला की त्याच दिवशी उघडून, मोजून मग पावतीवर सही व्हायची. या वेळी तिनं सही केली, खोकं तसंच बंद ठेवून फळीवर चढवलं आणि म्हणाली, महिना सरला की बघू. महिना सरला. पावतीवर सही दिसत होती, म्हणजे माल तपासलेलाच. कुणी पुन्हा पाहिलं नाही.

आणि तिला दुसरंही आठवलं, जे आठवायला नको होतं. रोल लावला त्या दिवशी यी-रोंगनं विचारलं होतं, "ताई, नवीन रोल आहे, कोऱ्या चकत्यांचं वजन घेऊ का?" एकदा नव्हे, दोनदा विचारलं होतं. आणि सू-चिंग सगळ्यांसमोर म्हणाली होती, "का ग, माझ्या जिभेपेक्षा तुझ्या काट्याला जास्त कळतं का?" सगळे हसले होते. यी-रोंगही हसली होती.

हिशेब तिनं कागदावर केला, तरी डोक्यात तो आधीच झाला होता. फॉइल हलकी होती आणि तिनं वजन जास्तीचं वजा केलं. म्हणून लेप होता त्याहून कमी दिसला. लेप कमी दिसला म्हणून त्याच विजेचा वाटा प्रत्येक ग्रॅमला जास्त आला. खरा आकडा काढला तर एकशे आठ. जिथे दोन वर्षं होते तिथेच. साखर हळू जाळा नाही तर भराभर जाळा, काही फरक पडला नव्हता.

संगणकावर यी-रोंगचा तक्ता उघडा होता. कोऱ्या चकतीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत अठ्ठेचाळीस ओळी. चार अठ्ठ्याऐंशी, चार अठ्ठ्याऐंशी, चार अठ्ठ्याऐंशी. सू-चिंगनं तो रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. पाकीट उघडायची गरजच नव्हती. ती पट्टी आता तिच्यासमोर पडदाभर लिहिलेली होती.

तिनं पाडलेल्या सहाही चकत्या एका बशीत ठेवल्या, बशी खणात सारली आणि दिवे मालवून घरी गेली. कुणाला फोन केला नाही.

रविवारी आ-खुनचं वर्षश्राद्ध होतं. सू-चिंग सकाळीच च्यालीला पोचली. युए-ओनं त्याच्या आवडीचं सगळं रांधलं होतं, दुधमाशाचं आलं घातलेलं सार, तळलेल्या कालव्यांची धिरडी, आणि कारल्याची भाजी, जी त्याच्याशिवाय घरात कुणालाच आवडायची नाही. खारा वारा पत्रे वाजवत होता. जिन्याखालची भिंत दोनदा रंगवूनही काळी दिसायची, आणि तिच्यापुढे नवी मांडणी उभी होती. नवी म्हणायची एवढंच. बॅटऱ्या त्याच जातीच्या, कारण गिऱ्हाइकं त्याच आणतात. वर, बरोबर मांडणीच्या डोक्यावर, पोरीची खोली.

"बॅटरीचं मुद्दाम आज सांगणार म्हणालात ना, ताई?" उदबत्ती लावत युए-ओ म्हणाली. "थांबा, आधी त्याला जेवू दे. उपाशीपोटी त्यानं जन्मात कुणाचं धड ऐकून घेतलं नाही."

त्यांनी वाट पाहिली. उदबत्ती अर्ध्यावर आली तेव्हा युए-ओनं कौल लावायच्या दोन लाकडी फाका हातात घेतल्या, एक उताणी आणि एक पालथी पडली की होकार, आणि विचारलं, "जेवण झालं का हो?" फाका जमिनीवर पडल्या. दोन्ही पालथ्या. नाही.

"चावून खातोय," युए-ओ म्हणाली.

पाच मिनिटांनी पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या. तिसऱ्यांदा टाकल्या तर दोन्ही उताण्या, म्हणजे नुसता हसतोय, ना होकार, ना नकार.

"असं कधी करत नाही. गेल्या वर्षी पहिल्याच खेपेला पानावरून उठला होता." युए-ओनं सू-चिंगकडे पाहिलं. "त्याला ती बातमी हवी आहे, ताई. सांगून टाका. मासा गार होतोय."

सू-चिंगनं तोंड उघडलं. वर्षभर तिनं हे वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं. आ-खुन, झालं रे. आता तुझ्या जिन्याखाली काही पेटणार नाही. ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच अडकलं, आणि ती पंचावन्न वर्षांची बाई, जी भावाच्या अंत्ययात्रेतही उभ्यानं सगळी व्यवस्था पाहत होती, ती भाचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून तोंडावर हात दाबून रडू लागली.

युए-ओला वाटलं, आनंदानं रडतेय. तिनं पाणी आणलं. मग सू-चिंगनं सगळं सांगितलं. फॉइल, खोकं, भुतांचा महिना, यी-रोंग दोनदा विचारत होती ते, आपण केलेली थट्टा, अठ्ठेचाळीस ओळी.

युए-ओला मिलिग्रॅम कळले नसतील. पण ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"आणि खिळा घातला तर पेटत नाही, हे तरी खरं?"

"ते खरं. दर वेळी खरं."

"मग गप्प बसा." युए-ओ म्हणाली. "माझी पोरगी त्या मांडणीच्या डोक्यावर झोपते, ताई. रोज रात्री मी तीनदा उठून खाली वास घेते. न पेटणारी बॅटरी दहा-वीस कमी भरली काय नि जास्त काय! गाडी थोडी कमी पळेल. कुणी मरणार नाही. गप्प बसा ना."

सू-चिंगनं डोळे पुसले. हेच तिनं स्वतःला रात्रभर सांगितलं होतं, याच शब्दांत. गाडी थोडी कमी पळेल. तिनं पाकीट काढलं आणि निळ्या शाईची पट्टी भावजयीच्या पुढ्यात ठेवली.

"यानंही असंच म्हटलं असेल," ती म्हणाली. "एक मोजली, चांगली निघाली. बाकीच्याही चांगल्याच असतील. कुणी मरणार नाही."

युए-ओ त्या पट्टीकडे बघत राहिली. तिनं पट्टीला हात लावला नाही. मग ती उठली आणि फाका पुन्हा न टाकता एकेक वाटी उचलून आत नेऊ लागली. कारल्याची भाजी तेवढी तिनं तिथेच ठेवली.

सोमवारी सकाळी सातला सू-चिंगनं फांग सरांना विद्यापीठाच्या मागच्या मच्छीपेजेच्या टपरीवर गाठलं. ते इस्त्रीच्या शर्टात होते. तिनं बशीतल्या चकत्या आणि कागद त्यांच्या वाडग्याशेजारी ठेवला. ते वाचता वाचता थांबले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एकशे आठ," ते म्हणाले.

"एकशे आठ."

"ताई, च्येन साहेब दहाला येतायत."

"म्हणून तर सातला आले."

ते पेजेत चमचा फिरवत राहिले. वाईट माणूस नव्हे तो, पण वर्षानुवर्षं निधीसाठी अर्ज लिहून थकलेला माणूस होता. "आज सही होऊ दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सही झाली की पैसा येतो, भट्टी येते, माणसं येतात. वर्षभरात आपण एकशे वीस खरोखर गाठू. मग चूक सापडली म्हणून सुधारून टाकू. अशा चुका सगळीकडे होतात. खोटं नाही हे, ताई. उसनं आहे."

"आ-चे, चिमटा धरायला तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"आणि कोऱ्या चकतीचं वजन घ्यायची गरज नाही, हे कुणी शिकवलं?"

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"तेही मीच. एकवीस वर्षं, इतक्या पोरांना. त्यातली किती आता कुठल्या कुठल्या कारखान्यात बसून न मोजता आकडे लिहीत असतील?" तिचा आवाज वाढला तसा टपरीवाल्यानं मान वळवली. "तू नको सांगूस. तुझं नाव त्यात घालूच नकोस. मी सांगते. माझ्या तोंडानं गेलं ते माझ्या तोंडानं परत येऊ दे."

फांग सरांनी पेज अर्धी टाकली. जाताना ते म्हणाले, "चिमटा मात्र नीटच शिकवला होतात," आणि तिच्याकडे न बघता रस्ता ओलांडून गेले.

दहाला च्येन साहेब आले, सोबत दोन माणसं. पडद्यावर यी-रोंगचा तक्ता लागला होता. ती नव्या जाकिटात उभी होती, तोंड उघडणार एवढ्यात सू-चिंग मागच्या खुर्चीवरून उठली. सभेत ती कधी बोलत नसे. तिचं काम चहा आणि सेल मांडून ठेवायचं.

"हा आकडा चुकीचा आहे," ती म्हणाली. "खरा एकशे आठ आहे. फॉइल बदलली होती आणि मी जुनं वजन सांगितलं. या मुलीनं दोनदा विचारलं होतं, मोजू का म्हणून. मी तिची सगळ्यांसमोर थट्टा केली. चूक तिची नाही, सरांची नाही. माझी आहे."

यी-रोंगचा चेहरा पांढरा पडला. याच आकड्यावर तिची पदवी उभी होती, आणि सू-चिंगनं तो तिला न विचारता, न सांगता, परक्या माणसांसमोर पाडला होता. हेसुद्धा सू-चिंगला बोलून झाल्यावरच उमगलं. आधी मुलीला सांगायला हवं होतं. एका चुकीची माफी मागताना तिनं दुसरी केली होती.

च्येन साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी कागद नीट वाचला, हिशेब स्वतः करून पाहिला आणि मान हलवली. "एकशे आठ म्हणजे आमच्या उपयोगाचं नाही."

"खिळ्याची चाचणी पाहा," फांग सर म्हणाले. "ते आकडे फॉइलवर अवलंबून नाहीत. सेल पेटत नाही, च्येन साहेब. एकदाही पेटलेला नाही. आणि किंमत निम्म्याहून कमी पडेल."

"पाहिलंय. उत्तम आहे." च्येन साहेबांनी अटींचा कागद उलटून पाहिला, जणू मागे काहीतरी लिहिलेलं असेल. "कायद्याला हवं तेवढं आमच्या आत्ताच्या बॅटऱ्यांतही आहे. त्याहून सुरक्षित असेल तर त्याला आमच्याकडे रकाना नाही. किती पळते, त्याला आहे." ते उठले. दाराशी सू-चिंगपाशी थांबले आणि थोडं वाकले. "तुम्ही सांगितलंत म्हणून पुन्हा येईन. एकशे वीस झालं की बोलवा."

ते गेल्यावर पाहुण्यांसाठी आणलेली अननसाच्या वड्यांची पेटी न उघडताच टेबलावर राहिली. यी-रोंग चाचणीच्या यंत्राकडे गेली, सेल एकेक करून काढू लागली. सू-चिंग तिच्यामागे जाऊन उभी राहिली.

"पोरी, तुला आधी सांगायला हवं होतं."

"हो," यी-रोंग म्हणाली. "हवं होतं." तिनं आणखी दोन सेल काढले. मग पाठ न वळवता म्हणाली, "ताई, तेव्हा मी हसले ना, तेव्हा मला मुळीच हसू येत नव्हतं."

सू-चिंगनं पंच घेतला, नव्या रोलमधून दहा कोऱ्या चकत्या पाडल्या, दहाही यी-रोंगच्या समोर मोजल्या आणि दहाही आकडे एकेक करून तिच्या वहीत तिलाच लिहायला लावले. मुलीनं लिहिले. तिनं एकही ओळ सोडली नाही.

मंगळवारी सू-चिंगनं सुट्टी घेतली आणि च्यालीला गेली. दुकान उघडं होतं. युए-ओ एका स्कूटरखाली आडवी होती. फक्त तिचे पाय बाहेर दिसत होते.

"सांगितलंत?" स्कूटरखालून आवाज आला.

"सांगितलं."

"मग?"

"गेले ते."

पाना खणकन जमिनीवर पडला. युए-ओ बाहेर आली, हाताचं ग्रीस फडक्याला पुसलं, मग उगाच पुन्हा पुसलं. सू-चिंगला वाटलं आता ती घालवून देईल, आणि दिलं असतं तरी तिला राग आला नसता. पण युए-ओ मांडणीकडे बघत होती. मांडणीवर चौदा बॅटऱ्या, चौदा हिरवे दिवे.

"काल संध्याकाळी पोरीला सांगितलं, आत्याची बॅटरी बहुतेक यायची नाही," ती म्हणाली. "ती म्हणाली, मग आई, ही मांडणी आपण इथे ठेवतोच कशाला? अंगणात पत्रा टाकू. पाऊस लागला तर लागला." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "दोन वर्षं मी तुमच्या बॅटरीची वाट पाहत बसले. माझ्या डोक्यात हे आलंच नाही."

सू-चिंगच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं पिशवी खाली ठेवून आधी अस्तन्या वर केल्या. दोघींनी बॅटऱ्या एकेक करून बाहेर नेल्या, तारा सोडवल्या. मांडणी लोखंडी होती आणि फरशीला जणू चिकटली होती. तिच्यामागची काळी भिंत हळूहळू उघडी पडत गेली. बाक जिथे असायचा तिथे भिंतीवर त्याच्या पाठीच्या उंचीची एक फिकट जागा राहिली होती. दोघींनी ती पाहिली आणि दोघी तिथे थांबल्या.

"किती वर्षं लागतील?" युए-ओनं भिंतीकडे बघतच विचारलं. "तुमच्या त्या एकशे वीसला."

दोन, असं सू-चिंगच्या अगदी ओठावर आलं. तिच्या जिभेला आकडे असे आपोआप यायचे. फार तर तीन. तिनं ते गिळलं.

"माहीत नाही ग," ती म्हणाली. "मोजल्याशिवाय नाही सांगणार."

युए-ओनं तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "मग तो कोपरा धरा. जड आहे, सांभाळून."